खोंड विकल्यापासून लेकरू गप्प झालंय, मुलं आणि जनावरांची कोणती पुस्तकं वाचून दाखवू?

उदगीरची_वैनी:

नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहायलेय, सांभाळून घ्या. आमचं गाव उदगीर तालुक्यात, कोरडवाहू शेती, घरी दोन गायी आणि एक खोंड होतं. होतं म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत. माझा मुलगा तिसरीला आहे, खोंडाचं नाव त्यानंच ठेवलेलं, सर्जा. देवणी जातीचा, त्यातला वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या बाजू काळ्या. शाळेतून आला की दप्तर ओट्यावर टाकायचं अन् आधी गोठ्यात. दुसऱ्या कुणी कासरा धरला तर सर्जा अंगावर यायचा पण ह्याच्या मागं शेळीसारखा चालायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला, अजून त्याच्या खांद्यावर जू सुद्धा ठेवलेलं नव्हतं तरी हळद-तूप ह्यानंच लावलं आणि कानात जाऊन "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणाला.

कडबा संपत आला होता आणि खत-बियाण्याची उधारी डोक्यावर, म्हणून मामंजींनी हाळीच्या बाजारात नेऊन विकला. त्यांनाही सोपं नव्हतं, आल्यावर जेवले नाहीत. लेकरू शाळेत होतं. आल्यावर दावणीला नुसतं दावं बघितलं आणि विचारलं सर्जा कुठाय, तर घाईत माझ्या तोंडून निघून गेलं की पाव्हण्याच्या शेतात चरायला नेलाय. आता रोज विचारतो पाव्हणे कधी येणार. रडत नाही, गप्प असतो, जेवण निम्म्यावर आलंय.

त्याला वाचून दाखवलेलं आवडतं म्हणून लातूरहून दोन पुस्तकं आणली. एकात फ्लॅटमधली मुलगी आणि तिचं कुत्र्याचं पिल्लू. दुसऱ्यात बैल होता म्हणून हौसेनं घेतलं तर चित्र बघून म्हणतो "आई ह्याला वशिंडच नाही, हा आपल्याकडचा नाही" आणि मिटून ठेवलं. आपल्यासारख्या घरातलं लेकरू आणि जनावर असलेलं मराठीत काही आहे का? असलं तर सांगा, मी उदगीरहून लातूरहून कुठूनही मागवीन.

बालाघाटचे_गुरुजी:

ताई, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, तुमचा प्रश्न वाचून माझ्या वर्गातली निम्मी पोरं डोळ्यासमोर आली. दसरा-दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघतात, ज्यांची बैलगाडी आहे त्यांची लेकरं बैलांसोबतच जातात, कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या शेजारी बैल बांधलेला, थंडीत त्याच्याच उबेला पोरं. एक पोरगा परत आला तेव्हा जोडाक्षरं पार विसरलेला. पण मी म्हणलं तुझ्या बैलावर सांग, तर अर्धा तास बोलला, कुठल्या पायानं आधी उठतो, उसाचं वाढं कसं खातो, चढाला कसा श्वास टाकतो. ते मी फळ्यावर लिहिलं आणि तेच त्यानं वाचलं, अडखळत पण शेवटपर्यंत. आपल्या लेकरांकडं हे इतकं आहे आणि पुस्तकात त्याला जागा नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पुस्तकाचं. प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' नक्की ऐकवा, 1931 ची गोष्ट आहे, हिरा आणि मोती हे दोन बैल. त्यांना मालकाच्या मेहुण्याकडं धाडतात, तिथं मार आणि सुका चारा, पण त्या घरातली एक बिनआईची छोटी पोरगी रोज संध्याकाळी गुपचूप भाकरी आणून खाऊ घालते आणि एक दिवस तीच त्यांचं दावं सोडून देते. त्या पोरीसाठी ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. हिंदीत आहे पण तुम्ही आपल्या बोलीत सांगा, लेकराला तेच गोड लागतं. 'श्यामची आई'तली मोरी गाय पण त्याला आवडंल, आईच्याच हातानं दूध काढू देणारी. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक, 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला आहेत, एखादा रविवार बसून चाळा.

परभणीची_वाचनवेडी:

गुरुजींच्या यादीला पूर्ण पाठिंबा, फक्त हिरा-मोतीबद्दल एक बोलू का. त्या गोष्टीत बैल शेवटी खाटकाच्या हातून सुटून आपल्या दावणीला परत येतात. ज्या लेकराला सर्जा चरायला गेलाय असं सांगितलंय ते ही गोष्ट ऐकून दारात बसून राहील. म्हणून ताई, राग मानू नका, आधी त्याला खरं सांगा आणि मग गोष्ट. मी हे उगं म्हणत नाहीये, मी सात वर्षाची असताना आमची शेळी ईदच्या आधी विकली, मला सांगितलं हरवली, मी आठ-दहा दिवस माळावर हाका मारत फिरले. मोठी झाल्यावर कळलं. शेळी विकल्याचं दुःख कधीच गेलं पण त्या हाका अजून आठवतात.

दुकानातल्या बहुतेक पुस्तकांतला प्राणी खेळायला असतो, शेवटी सगळे एकमेकांना मिठी मारतात. आपल्याकडं जनावर घरातलंच असतं पण ते कामाचंही असतं, आणि एक दिवस बाजारला जातं. हे दोन्ही एकाच पुस्तकात धरणारं मला एकच माहितीये, 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज ह्या अमेरिकन बाईंची 1938 ची कादंबरी, 1939 ला पुलित्झर मिळालेली, राम पटवर्धनांनी मराठीत आणली. फ्लोरिडातल्या रानातलं गरीब शेतकरी कुटुंब. त्यातला पोरगा ज्योडी, त्याच्या बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला म्हणून तो एक हरिणी मारतो, तिच्या काळजाचा तुकडा जखमेवर लावतो, आणि मागं राहिलेलं तिचं पाडस ज्योडी घरी आणतो. पुढं ते पाडस मोठं होतं आणि उगवलेला मका खायला लागतं, तोच मका ज्याच्यावर घर जगतं. शेवट मी इथं लिहीत नाही पण तो गोड नाही. आमच्या शेतात हरणांचा कळप येऊन एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे साफ करतो तेव्हा मला ज्योडीची आई समजते आणि ज्योडीही समजतो, दोघांत कुणाची बाजू घ्यावी ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तक जाड आहे, आठ वर्षाच्या पोराला एकट्यानं वाचायचं नाही. पाडस घरी येतं तिथपर्यंतचं आत्ता तुम्ही वाचून दाखवा, पुढचं चार-पाच वर्षांनी तो स्वतः काढील.

गोठ्यातला_डॉक्टर:

नांदेड जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे. वरच्या ताईंचं बरोबर, खरं सांगा. दोन गोष्टी माझ्याकडून.

एक म्हणजे 'पाडस' वाचून पोराला हरणाचं पिल्लू आणावं वाटंल, आमच्याकडं दरवर्षी तुरीत नाहीतर ज्वारीत सापडलेलं पिल्लू कुणीतरी उचलून आणतंच. ते टाकलेलं नसतं, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि परत येते. हात लावू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरी पाळताही येत नाही. जखमी दिसलं तर वनविभागाचा 1926 नंबर आहे.

दुसरं, प्रकाश आमटेंचं 'रानमित्र' बघा. हेमलकशाला शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिला पिल्लू चिकटलेलं, ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं, तिथून पुढं बिबट्या, अस्वलं, सगळा संसार उभा राहिला, आणि घरातली लेकरं त्या जनावरांतच वाढली. खरी गोष्ट आहे म्हणून पोरं डोळे मोठे करून ऐकतात, माझी दोन्ही ऐकत होती.

आणि ताई, बैल माणूस विसरत नाही बरं का. विकलेल्या बैलानं वर्षा-दीड वर्षानं जुन्या मालकाचा आवाज ऐकून मान वळवलेली मी स्वतः बाजारात बघितलीय. लेकराला हे सांगायला हरकत नाही.

उदगीरची_वैनी:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सांगितलं खरं. मामंजीच बोलले, मला धीर झाला नाही. पोराला शेजारी घेतलं आणि म्हणाले मी विकला, मलाच विकावा लागला, कडबा नव्हता. लेकरू लई रडलं, इतके दिवसाचं सगळं एकदम निघालं, मामंजी पण रडले, माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच बघितलं. मग पोरानं विचारलं कुणाला विकला, तो चांगला माणूस आहे का, सर्जाला मिठाचा खडा देतो का. मामंजी म्हणाले अहमदपूरकडचा शेतकरी आहे, घरची जोडी करायला नेलाय, नंबर आहे माझ्याकडं.

मग हिरा-मोतीची गोष्ट सांगितली. ती भाकरी देणारी पोरगी आली तिथं मला थांबवलं आणि म्हणाला तिचं नाव काय. गुरुजी, मला आठवंना की गोष्टीत तिला नाव आहे का, म्हणून मी म्हणलं तूच ठेव. अजून ठरवतोय. 'पाडस' लातूरच्या दुकानात सांगून ठेवलंय.

गुरुजींचं वाचून एक शंभर पानी वही आणून दिली. त्यानं पहिल्या पानावर सर्जा काढलाय, वशिंड अंगापेक्षा मोठं, तोंड काळं करता करता पेन्सिलीनं कागद फाटलाय. खाली लिहिलंय "सर्जाला उजव्या कानामागं खाजवलेलं आवडतं. डाव्या नाही." सकाळी मामंजींना म्हणला हे त्या अहमदपूरच्या मामांना फोन करून सांगा, त्यांना माहीत नसंल. ते आत्ता फोन लावायलेत.