एचएमटी जनताची डायल पिवळी पडलीय, रंगवून घ्यावी का?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ आता मी वापरतो. चालतं झकास, प्रश्न डायलचा आहे. मूळची पांढरी डायल सायीच्या रंगाची झालीय. केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या) कडेखाली झाकलेली बारीक रिंग मात्र अजून पांढरी आहे, म्हणजे डायलवरचं लॅकर (पारदर्शक लेप) उजेडाने पिवळं पडलं असणार. ते मला आवडतंही. काळजी आहे ती 3 च्या आकड्याजवळच्या तपकिरी ठिपक्यांची. चावीच्या बाजूने घाम आणि रत्नागिरीची दमट हवा आत शिरत असावी. देवनागरीतलं ‘जनता’ अजून शाबूत आहे.

इथले घड्याळजी म्हणतात, “रंगवून देतो, नवी दिसेल.” मला ते नकोय! रंगवलेल्या जनता ऑनलाइन ढिगाने मिळतात. 2016 साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, त्यामुळे मूळ डायल पुन्हा मिळणं कठीणच.

ठिपके पसरू नयेत म्हणून काय करता येईल? छपाई न पुसता धूळ काढायला ब्लोअर पुरे होतो का? आणि जुन्या जनताला चावीपाशी गॅस्केट (ओल अडवणारी रबरी रिंग) बसवता येतं का? कोणी बसवून घेतलं असेल तर जरूर सांगा. पावसाळ्यात घड्याळ कसं ठेवता, तेही लिहा.