मांजराच्या लघवीचा त्रास आणि दवाखान्याचं बिल: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या चार वर्षांच्या बोक्यापायी साडेबावीस हजार गेले. 'किती येईल' हे आधी कुणी धड सांगत नाही, म्हणून हा धागा. आकडे लिहा, लाजू नका.

सुरुवात माझ्यापासून. शनिवारी गुंड्या दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये बसायचा, कण्हायचा आणि तसाच बाहेर यायचा. आम्हाला वाटलं, बद्धकोष्ठ. सासूबाईंनी तर एरंडेलाची बाटलीही काढली होती. ट्रेमधली माती कोरडीठाक आहे, हे रविवारी सकाळी लक्षात आलं, तोवर त्याला उलट्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी पोटावर माझा हात ठेवला. आत मोसंबीएवढा टणक गोळा! लघवी तुंबून रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, आणखी उशीर झाला असता तर हृदयच थांबलं असतं म्हणाल्या. तपासणी १,०००, रक्त २,४००, सोनोग्राफी २,०००, भूल देऊन लघवीची नळी (कॅथेटर) ७,५००, तीन दिवस भरती ७,२००, औषधं २,४००.

लालबागकर
आम्ही परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेतो. खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्त, पण अर्धा दिवस रजा टाकायची तयारी हवी. आमची मनी तेरा वर्षांची, लघवीत रक्त. त्याआधी जवळच्या एका दवाखान्यात तीनदा अँटिबायोटिक दिलं, दर खेपेला ९००. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) एकदाही नाही. परळला ते झालं, जंतू सापडले, आणि मूळ दुखणं किडनीचं निघालं. तरुण मांजरात जंतू क्वचितच असतात, म्हातारीत मात्र शोधावेच लागतात, हे तिथे कळलं.

मिरजेची माई
तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर हसून म्हणाले, "माई, म्हैस असती तर लगेच सांगितलं असतं." शेवटी कोल्हापूर गाठलं. औषधाला १,३००, गाडीला २,०००! जंतू नाहीत, खडा नाही. पोरानं कुत्र्याचं पिल्लू आणलेलं, त्याचा ताण घेतला होता बाईसाहेबांनी. शेजारीण पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या म्हणत होती. कुणी देऊ नका हो, मांजर त्यानं मरतं.

जर्सीतला पुणेरी
रात्री दोन वाजता इमर्जन्सी, बोकाच. आत घेण्याआधीच डिपॉझिट. एकूण २,८०० डॉलर. विमा नंतर काढला. आधीपासूनचा आजार म्हणून हेच दुखणं वगळलं.

तीनमांजरे
आमच्याकडे लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक निघाले, ते खास खाण्याने विरघळतात. (ऑक्झलेट या दुसऱ्या क्षाराचा खडा विरघळत नाही, तो काढावाच लागतो.) पिशवी २,४०० ची, महिनाभर पुरेल असं सांगितलेलं. दहा दिवसांत संपली. आजारी एक, खाणारे तिघे. आता त्याला बाथरूममध्ये कोंडून जेवायला घालतो आणि बाहेर बाकीचे दोघे दार ओरबाडतात.

धागाकर्ती
@तीनमांजरे, हसू आलं, पण आमचंही तेच होणार असं दिसतंय. गुंड्याला ओलं खाणं आणि भरपूर पाणी सांगितलंय. अकराशेचं कारंजं आणलं. तो पितो मोरीतल्या बादलीतूनच. नवऱ्याने आता ट्रेवर वही टांगली आहे, शू झाली की वेळ लिहायची. काल रात्री ११.४०. आज सकाळी ६.१५, भरपूर.