‘बाजीराव मस्तानी’ : काशीबाईंना ‘पिंगा’ नाचवायला हवं होतं का?

वाडासंस्कृती :
भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) परवा पुन्हा पाहिला. डोळे दिपतात, नाकारत नाही. पण ‘पिंगा’ लागलं आणि पहिल्या वेळेसारखंच खटकलं. नवऱ्यानं आपला अभिमानच हिरावून घेतला असं सांगणारी काशीबाई, आणि तीच सवतीबरोबर गिरक्या घेते? पेशव्यांच्या घरातली बाई चारचौघींसमोर अशी नाचेल? ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ हा सिनेमाचा आधार. त्यातली घुसमट झुंबरांच्या उजेडात पार विरून गेली. शेवटही तसाच. भ्रमात नदीत तलवार फिरवणारा बाजीराव, इकडे साखळदंडातली मस्तानी, दोघांचा प्राण एकाच क्षणी जातो. खरं मरण किती साधं होतं! पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारा माणूस २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, चाळिशीसुद्धा न गाठता. मला तेवढंच पुरलं असतं.

रेवाकाठ :
साफ असहमत. सिनेमा म्हणजे बखर नव्हे. त्या नाचात मला थाट दिसलाच नाही, दोघींचे चेहरे दिसले. एकाच माणसापायी दोघी पोळल्यात, आणि ते एकमेकींशिवाय कुणाला सांगणार? मस्तानीचं म्हणाल तर आपण तिला काय दिलं? शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला नाव, बस्स. छत्रसालाच्या या लेकीला घरच्यांनी कैदेत टाकलं, आणि आपण पिढ्यानपिढ्या तिला ‘नाटकशाळा’, म्हणजे ठेवलेली नाचणारी, म्हणत आलो. या सिनेमानं तिला ताठ मानेनं दरबारात उभं केलं. त्यासाठी मी दहा ‘पिंगा’ माफ करेन.

मोडीवाचक :
दोघांचंही अर्धं पटतं. माझी तक्रार वेगळीच आहे. सिनेमा दोघांच्या मरणावर थांबतो, पण गोष्ट तिथे थांबत नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर तेव्हा लहान होता. त्याला पेशव्यांच्या घरात काशीबाईंनीच वाढवलं. पुढे तो १७६१ च्या पानिपतात लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. सवतीचं पोर पदराखाली घेणारी काशीबाई दाखवायला आरसेमहाल लागत नाही हो.

वाडासंस्कृती :
मोडीवाचक, हे मात्र मनाला लागलं. मी नाचावरच अडून बसलो. रेवाकाठ, मस्तानीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो शब्द आमच्याही घरात ऐकलाय. ‘पिंगा’बद्दल मत तेच, जराही बदललेलं नाही.

रेवाकाठ :
नका बदलू. पण कधी पुण्याकडच्या पाबळला गेलात तर मस्तानीच्या कबरीपाशी थोडं थांबा. तो रावेरखेडीला, ही पाबळला. एवढ्या अंतरापुढे मला तो नदीतला शेवट भडक वाटतच नाही.