मदत हवी आहे : भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात (बागायतीत) डिटेक्टरला सापडलेला जड दगड. अशनी असेल तर तो कोणाचा?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. धाकटा भाऊ शिपवर असतो, गेल्या सुट्टीला येताना त्याने मेटल डिटेक्टर आणला. चवथ झाली, पाऊस उघडला, तेव्हापासून दर रविवारी मी डिचोली तालुक्यात मामाकडे जातो आणि माळावर, काजूच्या भाटात तो घेऊन फिरतो. शोधतो आहे अशनी. मुलांना नेहमी सांगतो, आकाशात दिसते ती उल्का आणि जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोचतो तो अशनी. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला भर दुपारी दगड पडले, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

अशनीसाठी डिटेक्टर का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडलेल्या अशनींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दगडी असतात, पण त्या दगडातही बहुधा लोखंड-निकेलचे बारीक कण विखुरलेले असतात. डिटेक्टर ओरडतो तो त्या कणांमुळे. वाळवंटात, पांढऱ्या मिठाच्या पठारावर हे छान जमते. गोव्यात मात्र पायाखालची जमीनच लोखंडाची! जांभा दगड, लाल माती, त्यात आमच्या भागात खाणी. डंपवरून, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरून, वाहून आलेली खनिजाची ढेकळे ओहोळात, कुळागरात, रस्त्याच्या कडेला सगळीकडे. दोन रविवार यंत्र नुसते घरघरत होते. मिळाले काय, तर ट्रकचे नट-बोल्ट, एक मोडका कोयता आणि बाटल्यांची झाकणे.

तीन आठवड्यांपूर्वी काजूच्या मुळाशी वीतभर खाली एक दगड लागला. सोललेल्या नारळाएवढा. वजन २ किलो ३०० ग्रॅम. वरून काळपट, थोडी चमक, आणि मऊ पिठात अंगठा दाबावा तसे दोन-तीन खोलगट ठसे. लोहचुंबक लावले तर चिकटते. मामा म्हणाले, "खाणीवयलो फातर तो", म्हणजे खाणीवरचा दगड. मामेभावाने मात्र फोटो काढून नेटवर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी ग्रॅमवर भाव सांगणारा एकजण भेटला.

तिथून घरात कुरबूर सुरू झाली आहे. मामा त्या जागेचे मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे. घर त्यांचे, पण काजूचे भाट जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबारा) भाटकारांच्या नावाने आहे. काजू वर्षानुवर्षे मामाच गोळा करतात, भाटकार पणजीला असतात, कधी येतात कधी नाही. मामेभाऊ म्हणतो, सापडला आपल्याला म्हणजे आपला. मामांना धास्ती आहे की उद्या भाटकारांच्या कानावर गेले तर पन्नास वर्षांचे संबंध एका दगडापायी बिघडतील. आणि मला वाटते, दगड खरा असेल तर तो यांच्यापैकी कोणाच्याच कपाटात जाऊ नये, अभ्यासकांकडे जावा. पण मी मामाच्या घरी पाहुणा. माझ्या वाटण्याला काय किंमत?

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे. घरच्या घरी खात्री कशी करू? मालकी कोणाची? आणि पुढे शोधत राहायचे असेल तर परवानगी कोणाकोणाची घ्यायची? दगड सध्या माझ्याकडे आहे, विकू दिलेला नाही.

प्रतिसाद १
सर, पहिली विनंती : लोहचुंबक पुन्हा लावू नका. अशनी असलाच तर त्यात तो तयार झाला त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असते आणि जोरदार चुंबक ती पुसून टाकते. बरेच शोधणारे हीच चूक करतात. शिवाय चिकटले म्हणून काही सिद्ध होत नाही, मॅग्नेटाइट हे लोहखनिजही चिकटते.

आता घनता काढा. काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड बुडवून सांडलेले पाणी मोजा आणि वजनाला त्याने भागा. दगडी अशनी साधारण साडेतीनच्या आसपास, लोखंडी अशनी आठच्या जवळ, हेमॅटाइट हे लोहखनिज पाचच्या आसपास (ग्रॅम दर मिलीलिटरला). मग कस पाहा. फरशीच्या तुकड्याची चकाकी नसलेली मागची बाजू घ्या आणि दगडाचा कोपरा तिच्यावर जोराने घासा. लालसर तपकिरी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट. ताज्या अशनीची सहसा रेघच उठत नाही. शेवटी एक कोपरा कानशीने किंचित घासून बघा, आत चांदीसारखे कण चमकतात का. नुसत्या अंगठ्याच्या ठशांवर जाऊ नका, पाण्याने झिजलेल्या खनिजालाही तसे खड्डे पडतात.

प्रतिसाद २
मी वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, माहिती समजा. देशात पडलेल्या वा सापडलेल्या अशनींचा ताबा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, म्हणजे जीएसआयकडे असतो. संग्रह कोलकात्याला आहे. त्यामुळे 'सापडला त्याचा' हे मामेभावाचे म्हणणे डोक्यातून काढून टाका. १८७८ चा निखात निधीचा कायदाही वाचून ठेवा. त्यात 'निधी' म्हणजे जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू, आणि किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. अशनीचे नाव त्यात नाही, पण लेखी कळवून ठेवल्याने कोणाचे वाईट होत नाही.

तुमच्या मामांसारखाच खटला अमेरिकेत झाला आहे. १८९० मध्ये आयोवा राज्यात एका माळावर ६६ पौंडांचा अशनी पडून जमिनीत तीन फूट रुतला. जमीन गोडार्डची, गवतासाठी कुळाला दिलेली. कुळाच्या देखत तिसऱ्याच माणसाने तो उकरला आणि १०५ डॉलरला विंचेल नावाच्या गृहस्थांना विकला. १८९२ मध्ये न्यायालयाने सांगितले, अशनी जमिनीचा भाग झाला, म्हणून तो जमीनमालकाचा. कुळाचा हक्क गवतापुरता. ओरेगनमध्ये ह्यूज नावाच्या माणसाने तर साडेपंधरा टनांचा अशनी शेजारच्या पोलाद कंपनीच्या जमिनीतून तीन महिने खपून स्वतःच्या जागेत ओढून नेला. १९०५ मध्ये तोही हरला. डेन्मार्कमध्ये मात्र अशनी सरकारचा असतो. हे निवाडे आपल्याकडे लागू नाहीत, पण एक लक्षात घ्या : जिथे कायदा खाजगी मालकी मानतो तिथेही काजू वेचण्याचा हक्क म्हणजे जमिनीतल्या वस्तूचा हक्क होत नाही. मुंडकाराचा हक्क तर घर आणि घराभोवतालच्या थोड्या जागेपुरता.

वनखात्याच्या हद्दीत डिटेक्टर नेऊच नका. भारतीय वन कायद्यात 'वनोपज' या शब्दात जंगलातले दगड आणि खनिजेही येतात. म्हादई अभयारण्य, संरक्षित स्मारके, जुन्या देवळांचे पडके भाग इकडेही नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या संस्थेची सामाईक जमीन असेल तर कोमुनिदादची परवानगी लागेल. आणि भाटकारांना आजच फोन करा. नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे.

प्रतिसाद ३
रत्नागिरीहून. आमच्याकडेही जांभाच, म्हणून सांगतो. लोखंड गाळणारी सेटिंग बंद करून 'ऑल मेटल'वर ठेवा, नाहीतर यंत्र अशनीलाही लोखंड म्हणून गाळेल. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवून घेणे, दर पाच-दहा मिनिटांनी नव्याने करा, संवेदनशीलता खाली आणा. धातूचा आवाज दोन्ही बाजूंनी फिरवले तरी नेमका एका जागी येतो. खनिजाचा दगड पसरट, ढिला आवाज देतो आणि कॉइल (यंत्राची खालची चकती) थोडी उचलली की विरतो. पल्स इंडक्शनचे, म्हणजे सलग लहरींऐवजी तुटक ठोके सोडणारे यंत्र अशा मातीत जास्त शांत चालते.

धागाकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांसमोरच सगळे केले. सांडलेले पाणी ४८० मिली, म्हणजे घनता ४.८ च्या जवळ. दगड आणि लोखंड यांच्या मधली! लोह-दगडी मिश्र अशनींची घनताही अशी असू शकते हे वाचले होते, त्यामुळे दोन मिनिटे माझा श्वास अडकला. ते शेकड्यात जेमतेम एक. मग फरशीवर घासला. लालभडक तपकिरी रेघ. कानशीने कोपरा घासला, आत चमकणारा एकही कण नाही. खनिजच. चिकटत होते ते त्यात मिसळलेल्या मॅग्नेटाइटमुळे. मामा बरोबर होते.

तरी भाटकारांना फोन केला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शोधा हो मास्तर, पण काही मिळाले तर आधी मला सांगा, मग सरकारला." मी ते एका कागदावर लिहून त्यांची आणि मामांची सही घेतली आहे. सर्व्हे नंबर टाकला आहे आणि अशनी निघाल्यास तो जीएसआयकडेच जाईल, असेही त्यात आहे. मामेभाऊ दोन दिवस बोलला नाही, काल स्वतःच दगड नेऊन काजूच्या मुळाशी ठेवून आला.

आता काजूचा हंगाम सुरू होण्याआधी ते भाट नीट पट्टे पाडून तपासायचे आहे. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यात कोणाकडे पल्स इंडक्शनचे यंत्र असेल आणि एखाद्या रविवारी येणे जमणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जेवण मामीकडे.