गॅटिनोच्या बिलावरचा कर आमच्या शीटशी जुळत नाही, चूक कुणाची?

खजिनदार_ओटावा

नमस्कार. मी ओटावात राहते. आमच्या छोट्या मराठी मंडळाचं खजिनदारपद यंदा माझ्याकडे आलंय. गणपतीचा जमाखर्च मांडायला बसले आणि दोन बिलांवर अडकले. चार रात्री झाल्या, ताळा लागत नाही.

पहिलं बिल नदीपलीकडचं, क्विबेक प्रांतातल्या गॅटिनोचं. मखरासाठी फळ्या, कापड आणि दिव्यांच्या माळा. कर सोडून ६४०.०० डॉलर. बिल फ्रेंचमध्ये आहे. त्यावर टीपीएस (केंद्राचा कर, इंग्रजीत जीएसटी) ३२.००, टीव्हीक्यू (क्विबेकचा विक्रीकर, इंग्रजीत क्यूएसटी) ६३.८४ आणि एकूण ७३५.८४ असं छापलंय. आमच्याकडे एक जुनी एक्सेल शीट आहे. तिच्यात कराआधीची किंमत आणि प्रांत भरला की करासकट रक्कम येते, आणि तेवढे पैसे मंडळ खरेदी करणाऱ्याला परत देतं. ही शीट म्हणते ७३९.०३. म्हणजे ३.१९ जास्त.

तीन डॉलरसाठी एवढं काय, असं वाटेल. पण गॅटिनोची खरेदी वर्षानुवर्षं आमचे आधीचे खजिनदार काका स्वतःच्या कार्डाने करत आलेत. परवाच्या बैठकीत एकाने जुनी बिलं आणि शीट शेजारी शेजारी ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दुकानात कमी भरले, मंडळाकडून जास्त घेतले. दर वर्षी." काका एक शब्द बोलले नाहीत. जॅकेट घातलं आणि चहा न घेता निघून गेले. ज्या माणसाने पहाटे बर्फ उपसून हॉलचं दार मोकळं केलंय, त्याला हे ऐकावं लागलं. त्या दिवसापासून मला चैन नाही. दुकान चुकतंय की शीट चुकतेय, एवढं मला नक्की कळायला हवं.

दुसरं बिल ओटावाचंच, किराण्याचं. रवा १८.९९, साखर ११.९९, तूप २१.९७, बारा नारळ २३.८८, कागदी ताटल्या २४.९९, नॅपकिन ५.४९, बटाटा वेफर्स ७.४९, मेणबत्त्या ३.४९. बेरीज ११८.२९. त्यावर आमच्या ओंटॅरिओचा १३ टक्के एचएसटी (केंद्र आणि प्रांताचा एकत्र विक्रीकर) धरला तर १३३.६७ होतात. बिल आहे १२३.६८ चं. आणि रोख पेटीतून गेलेत १२३.७०! तीन ठिकाणी तीन आकडे. मी कुठला लिहू?

कॅल्गरीकर

आमच्या आल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही. सरसकट ५ टक्के जीएसटी, विषय संपला. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुतलाही तसंच. त्यामुळे क्विबेकचं मी अधिकाराने सांगू शकत नाही. पण जीएसटीचे ५ आणि क्यूएसटीचे ९.९७५ मिळून १४.९७५ टक्के होतात, आणि ६४० चे तेवढे टक्के काढले तर ९५.८४ येतात. म्हणजे दुकानाचं बरोबर दिसतंय. शीट वरचे ३.१९ कुठून आणते ते कळत नाही.

काकांना कुणीतरी फोन करा हो. आधी ते करा, मग शीट.

हिशेबनीस_मॉन्ट्रियल

खजिनदारताई, ७३९.०३ हा आकडा वाचल्याबरोबर मी ओळखला. मॉन्ट्रियलमध्ये सव्वीस वर्षं छोट्या दुकानांची पुस्तकं लिहिली आहेत. २०१३ च्या पहिल्या तीन महिन्यांत हीच चूक मी निदान दहा दुकानांत दुरुस्त केली असेन.

तुमच्या शीटमध्ये काय घडतंय ते सांगते. ६४० ला १.०५ ने गुणलं की ६७२ होतात. इथवर ठीक. आता त्या ६७२ वर ९.९७५ टक्के काढले की ६७.०३ येतात, बेरीज ७३९.०३. म्हणजे शीट क्विबेकचा कर मूळ किमतीवर न लावता जीएसटी धरलेल्या किमतीवर लावतेय. करावर कर.

आता नीट ऐका, कारण काकांचा प्रश्न इथेच सुटतो. ही पद्धत एके काळी बरोबर होती. २०१२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत क्विबेकचा कायदाच तसा होता: आधी जीएसटी मिळवा, मग त्या बेरजेवर क्यूएसटी. तेव्हा दर होता साडेनऊ टक्के. ६७२ वर साडेनऊ टक्के काढून बघा. ६३.८४. तुमच्या आजच्या बिलावर छापलेला आकडा, सेंटचाही फरक नाही!

१ जानेवारी २०१३ पासून क्विबेकने करावर कर बंद केला आणि क्यूएसटी थेट मूळ किमतीवर आणला. पण गिऱ्हाईकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच राहावी म्हणून दर ९.५ चा ९.९७५ केला. साडेनऊला १.०५ ने गुणा, ९.९७५ येतात. इतका विचित्र तीन दशांशांचा दर कुणी का ठेवला असेल, असं लोक मला अजून विचारतात. त्याचं कारण एवढंच आहे.

म्हणजे शीट बनवली तेव्हा ती अगदी अचूक असणार. २०१३ मध्ये कुणीतरी दराच्या चौकटीत ९.५ खोडून ९.९७५ घातले आणि फॉर्म्युला तसाच ठेवला. दोन बदल एकदम करायचे होते, एकच झाला. बातम्यांत नवा दर ठळक दिसायचा, "आता मूळ किमतीवर" हे त्यामागे कुठेतरी असायचं. पगारी माणसं यात फसली, तर हौसेने मंडळाचे हिशेब ठेवणाऱ्याला बोल लावू नका. यात लबाडी नाही. लबाडी करणारा माणूस दर शंभरामागे पन्नास सेंटसाठी करत नाही, आणि मूळ बिलं तर मुळीच जपून ठेवत नाही.

जास्तीचे किती गेले ते काढायला बिलागणिक बसू नका. ०.०५ गुणिले ०.०९९७५ म्हणजे ०.००४९८७५. २०१३ पासूनच्या क्विबेकच्या खरेदीची कराआधीची बेरीज करा आणि तिला या आकड्याने गुणा. ६४० ला गुणलं की तुमचे ३.१९ येतील.

आता किराणा. ओंटॅरिओत एचएसटी १३ टक्के आहे खरा (५ केंद्राचे, ८ प्रांताचे, एकत्र गोळा होतात), पण तो सगळ्या वस्तूंवर लागत नाही. घरी शिजवायचं साधं अन्नधान्य शून्य दराचं असतं. रवा, साखर, तूप, नारळ: बेरीज ७६.८३, कर शून्य. ताटल्या, नॅपकिन, वेफर्स, मेणबत्त्या: बेरीज ४१.४६, त्यावर १३ टक्के म्हणजे ५.३९. झाले १२३.६८. बटाटे शून्यात आणि बटाट्याचे वेफर्स तेरात, हे नव्या माणसाला पटत नाही, पण खाऊ, गोळ्या-चॉकलेटं आणि सोडा घातलेली पेयं करपात्र आहेत. मफिन-डोनट सुटे पाच घेतले तर कर, सहा घेतले तर नाही. मुलांना बक्षीस म्हणून पुस्तकं घेतलीत तर ओंटॅरिओत प्रांताचे ८ टक्के दुकानातच वजा होतात, उरतात फक्त ५.

कर बेरजेवर एकदाच काढा. एकेका वस्तूवर काढून राउंड केलात तर ३.२५, ०.७१, ०.९७, ०.४५ असे मिळून ५.३८ होतात आणि एका सेंटसाठी पुन्हा रात्र जाईल.

रोखीच्या दोन सेंटचं सोपं आहे. २०१३ च्या फेब्रुवारीपासून एक सेंटचं नाणं वाटपातून बंद झालं. तेव्हापासून रोख देताना कर धरून झालेली अंतिम रक्कम जवळच्या पाच सेंटवर नेतात. १२३.६८ चे १२३.७०. कार्डाने दिले असते तर १२३.६८ च गेले असते. खर्चात १२३.६८ लिहा आणि खाली "रोख राउंडिंग ०.०२" अशी वेगळी ओळ ठेवा. कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येईल.

व्हँकुव्हरहून

वरचं सगळं बरोबर. ब्रिटिश कोलंबियातली भर घालतो. आमच्याकडे ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के पीएसटी (प्रांताचा विक्रीकर), दोन्ही मूळ किमतीवर आणि बिलावर वेगवेगळे. मधल्या काळात, जुलै २०१० पासून, १२ टक्के एचएसटी होता. लोकांनी २०११ च्या जनमतात तो नाकारला आणि एप्रिल २०१३ मध्ये जुनी पद्धत परत आली. म्हणून ज्या शीट २०१३ च्या आधीच्या आहेत त्या प्रत्येक प्रांतासाठी एकदा तपासाच.

एक विचारतो ताई, यंदाचं सामान ऑनलाइन मागवलं होतं का? दुकान गॅटिनोचं असलं तरी त्यांनी ओटावात घरपोच पाठवलं, तर सहसा पोचण्याच्या जागेचा, म्हणजे ओंटॅरिओचा १३ टक्के लागतो.

खजिनदार_ओटावा

नाही, सामान आम्ही स्वतः गाडी घेऊन जाऊन आणलं, म्हणून क्विबेकचाच कर.

हिशेबनीसताई, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं आणि मग शीटमधल्या त्या चौकटीवर क्लिक केलं. तुम्ही म्हणालात तसंच. किंमत गुणिले १.०५, आणि त्या सगळ्याला गुणिले १.०९९७५. बघून डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

अजून एक अडचण आहे. हॉलची पावती हरवली, बँकेत फक्त ९०४.०० गेलेले दिसतात, कर धरून. मी १३ टक्के काढून ११७.५२ कर लिहिला होता. तेही चुकलंय का?

हिशेबनीस_मॉन्ट्रियल

हो, चुकलंय. ९०४ मध्ये कर आधीच मिसळलेला आहे, त्यावर पुन्हा टक्के काढायचे नाहीत. १.१३ ने भागा. ८०० भाडं, १०४ कर. क्विबेकच्या बिलाला १.१४९७५ ने भागायचं. तरी हॉलवाल्यांकडून पावतीची प्रत मागून घ्या. हॉलचा मालक जीएसटी-एचएसटीसाठी नोंदलेला नसेल तर त्याने कर घेतलेलाच नसेल, आणि मग पूर्ण ९०४ हे भाडं.

खजिनदार_ओटावा

काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आले. लॅपटॉप घेऊन गेले होते, पण तो उघडायची वेळच आली नाही. मी "करावर कर" म्हटलं आणि ते उठून आतून एक फाइल घेऊन आले. २०१२ चं गॅटिनोचं बिल, २१०.०० चं. खाली पेन्सिलने त्यांच्या बारीक अक्षरात: जीएसटी १०.५०, मग २२०.५० वर साडेनऊ टक्के २०.९५, एकूण २४१.४५. छापील आकड्यांशी सेंटपर्यंत जुळलेलं. शीट त्यांनी त्याच बिलावर तपासून घेतली होती. पुढच्या वर्षी दर बदलल्याचं कुणी तरी बैठकीत सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथे चौकटीत नवा आकडा टाकला. कुणी सांगितलं ते त्यांना आठवत नाही, आणि मला ते शोधायचंही नाही.

२०१३ पासूनची गॅटिनोची खरेदी कराआधी ६,२०० डॉलर भरली. तुमच्या आकड्याने गुणलं, ३०.९२. मी नको नको म्हणत असताना त्यांनी तेवढ्याचा चेक मंडळाच्या नावाने लिहिला आणि माझ्याकडून रीतसर पावती घेतली.

तुमचं पहिलं उत्तर मी समितीच्या सगळ्यांना जसंच्या तसं पाठवलंय. बैठकीत जे बोलले होते ते आज सकाळी काकांच्या घरी गेले होते, असं काकूंचा फोन आला तेव्हा कळलं. चहा घेऊन गेले म्हणे.

फॉर्म्युला दुरुस्त केलाय: किंमत, अधिक किमतीवर ५ टक्के, अधिक किमतीवर ९.९७५ टक्के, दोन्ही वेगळ्या स्तंभांत आणि प्रत्येक स्तंभ सेंटपर्यंत राउंड. बरोबर आहे ना?

हिशेबनीस_मॉन्ट्रियल

बरोबर. खात्रीसाठी १०० टाकून बघा. जीएसटी ५.००, क्यूएसटी ९.९८, एकूण ११४.९८ यायला हवं. ११५.४७ आलं तर जुना फॉर्म्युला अजून कुठेतरी शिल्लक आहे.

आणि त्याच शीटमध्ये नोव्हा स्कोशियाची ओळ असेल तर तीही बघा. तिथला एचएसटी १ एप्रिल २०२५ पासून १५ चा १४ झालाय.