दोन डबे जोडण्याआधी प्रमाण ठरवावे

बागेतील मॉडेल रेल्वेसाठी दोन आखूड डबे कापून व जोडून एक पूर्ण लांबीचा डबा करण्याची पद्धत सुचवली जाते, ती मला पटते. मात्र आधी प्रमाण, म्हणजे मॉडेल खऱ्या डब्याच्या कितपट लहान असेल ते, निश्चित करावे. अमेरिकेतील ८० फुटी पुलमन (प्रवासी) डबा १:३२ मध्ये ७६२ मिमी, तर १:२९ मध्ये सुमारे ८४१ मिमी भरतो. मॉडेलच्या ४५ मिमी अंतराच्या रुळांशी १४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज (खऱ्या रुळांमधले प्रमाणित अंतर) जुळतो तो १:३२ मध्येच. १:२९ चा डबा रुळांच्या मानाने थोराडच दिसतो आणि लांबी वाढवून तो दोष जात नाही. दोन्ही बाजूंचे काप समोरासमोर न घेता मागेपुढे घ्यावेत व सांध्याला आतून पट्टी चिकटवावी, अन्यथा डबा मध्यभागी लचकतो. बोगींच्या (डब्याखाली दोन टोकांना असलेल्या, वळणाऱ्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांमधले अंतर ५६० मिमी ठेवल्यास ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मध्य सुमारे ७० मिमी आत सरकतो, त्यामुळे वळणाच्या आतील बाजूचा फलाट तेवढा मागे घ्यावाच लागेल.