मदत हवी आहे: एव्हरनोटमधून ऑब्सिडियनमध्ये जाताना
२०१४ पासूनच्या दोनेक हजार नोंदी एव्हरनोट या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये आहेत. लोणच्याच्या प्रमाणापासून आईच्या औषधांपर्यंत सगळं. आता ऑब्सिडियन या तशाच दुसऱ्या अ‍ॅपवर जायचंय, कारण तिथे नोंदी मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच मशीनवर राहतात. एव्हरनोटमधून नोंदी बाहेर काढल्या की मिळणाऱ्या ईएनईएक्स फाइलमध्ये टॅग येतात पण वहीचं (नोंदींच्या गटाचं) नाव येत नाही, म्हणून २३ वह्या एकेक करून एक्सपोर्ट करतेय (कंटाळा येतो, पण इलाज नाही). ऑब्सिडियनमध्ये बाहेरच्या नोंदी आणणाऱ्या इम्पोर्टर प्लगइनने एक छोटी वही आणून पाहिली, मजकूर नीट आला. घोडं अडलंय ते एका नोंदीतून दुसरीला दिलेल्या लिंकांपाशी. वह्या वेगवेगळ्या आणल्यावर या लिंका जुळतात का, की हातानेच जोडायच्या? कुणी केलंय का हे? तोवर जुनं खातं बंद करत नाही.